वाईट बातमी मुख्याध्यापकांपर्यंत किती दिवसांनी पोचते?

वासा पडला तो रविवार होता म्हणून निभावलं. जुलैचा पाऊस, सातवीच्या वर्गावरची जुनी कौलं आणि मधोमधचा वासा वाळवीने आतून पोकळ केलेला. सोमवारी सकाळी वर्गाचं दार ढकललं तर तिसऱ्या बाकावर कौलांचा खच आणि वर उघडं आभाळ. त्या बाकावर कोण बसतं ते मला पाठ होतं. दोघी मैत्रिणी, एक बंदरावरची, एक वरच्या वाडीतली.

शिपाईमामांना विचारलं, "मामा, आधी काहीच लक्षात आलं नाही का कुणाच्या?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "पंधरा दिवस भुसा पडत होता बाई. रोज झाडून काढत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्या माहितीच्या गडबडीत होतात. म्हटलं, बाईंचा मूड बघून सांगू."

पंधरा दिवसांत सांगण्याजोगा मूड त्यांना एकदाही दिसला नव्हता. मी घरी जाऊन ते दिवस एकेक करून आठवले. तालुक्याला कसलीशी माहिती पाठवायची होती, त्यावरून क्लार्कवर दोनदा आवाज चढला होता. एका शिक्षिकेला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले होते. अपशब्द नाही, शिवीगाळ नाही. माझ्या हिशेबी मी कामाच्या ताणात होते, इतकंच. शाळेच्या हिशेबी मात्र 'आत्ता बाईंना काही सांगायचं नाही' असा नियम लागू झाला होता, आणि तो नियम मीच केला होता.

दापोली तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका हायस्कुलातली ही गोष्ट. आता मी निवृत्त आहे. 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द त्याआधी प्रशिक्षणात ऐकला होता, वहीत उतरवूनही घेतला होता. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत त्याचा अर्थ काय होतो, ते त्या वर्षी कळलं. गेली काही वर्षं नवे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) भेटले की मी त्यांना हेच सांगत असते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

शब्द कुठून आला

अमेरिकेतल्या पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये एका लेखात ही कल्पना मांडली. पुढे मानसशास्त्र शिकलेले पत्रकार डॅनियल गोलमन यांनी 1995 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि शब्द जगभर गेला. गोलमन यांनी त्यात चिकाटी, प्रेरणा, माणसं जोडण्याची हातोटी असं बरंच काही घातलं. मला स्वतःला सॅलोव्हे आणि मेयर यांची मूळ मांडणी जास्त उपयोगी वाटते, कारण ती स्वभावाबद्दल बोलत नाही, क्षमतेबद्दल बोलते. स्वभावाला औषध नाही म्हणतात. क्षमता वाढवता येते.

त्यांच्या मते ही चार कामांची क्षमता आहे. आपली आणि समोरच्याची भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करून घेणं, ती कुठून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं, आणि ती हाताळणं. या चारही कामांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: भावना ही माहिती असते. ताप आला की शरीर काहीतरी सांगतं, तसंच स्टाफरूममध्ये तुम्ही शिरल्यावर गप्पा थांबल्या की शाळा काहीतरी सांगत असते. ही माहिती कुठल्या पोर्टलवर भरायची नसते, म्हणून ती घ्यायचीच राहून जाते.

एक गैरसमज आधी दूर करते. 'यशात बुद्ध्यांकाचा वाटा 20 टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा 80 टक्के' हे वाक्य मी प्रशिक्षणांत कितीदा तरी ऐकलं आहे. ते खरं नाही. गोलमन यांनी लिहिलं होतं ते असं की बुद्ध्यांकाचा वाटा साधारण 20 टक्के आणि उरलेल्या 80 मध्ये बाकीचं सगळं, घरची परिस्थिती आणि नशीबही त्यातच. लोकांनी ते सगळे 80 उचलून भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यात टाकले. खुद्द मेयर यांनीही अशा फुगवलेल्या दाव्यांना विरोध केला आहे. विषय महत्त्वाचा आहे. त्याला खोट्या आकड्यांची गरज नाही.

शाळेत तो महत्त्वाचा का, याचं उत्तर मुख्याध्यापकाच्या कामाच्या जातीतच आहे. शिक्षक मुलांना थेट शिकवतो. मुख्याध्यापकाचं बहुतेक काम दुसऱ्यांच्या हातून होतं. शालेय नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन म्हटलं होतं की मुलांच्या शिकण्यावर शाळेच्या आतल्या ज्या गोष्टींचा परिणाम होतो त्यांत वर्गातल्या अध्यापनानंतर दुसरा क्रमांक शाळेच्या नेतृत्वाचा. तो परिणाम होतो शिक्षकांमार्फत. म्हणजे शिक्षक वर्गात कुठल्या मनाने शिरतात, यावर बरंच अवलंबून आहे, आणि त्यातला एक हिस्सा ऑफिसातून येतो.

रागाला किती नावं

पहिलं काम ओळखण्याचं. ते सगळ्यांत सोपं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. मराठीत रागाच्या घरातले शब्द मोजून बघा: चिडचिड, वैताग, संताप, त्रागा, रुसवा, चीड. हे एकमेकांचे पर्याय नाहीत. चिडचिड बहुतेक वेळा झोपेची आणि भुकेची असते. वैताग त्याच त्या कामाचा येतो. त्रागा असहायतेतून होतो. समोरच्याचं काही करता येत नाही म्हणून माणूस स्वतःवरच काढतो. रुसव्यात 'माझ्याकडे बघा' असं मागणं असतं. आणि चीड अन्यायाची येते, ती शाळेत हवीच. मुलीचं नाव नववीतून काढायला आलेल्या बापाला बघून मुख्याध्यापकाला चीड आली नाही तर मला त्या मुख्याध्यापकाची काळजी वाटेल.

त्या जुलैत मला जे होत होतं त्याला मी राग म्हणत होते. नीट पाहिलं असतं तर ती भीती होती. शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरत चालला होता, एक तुकडी बंद पडली असती आणि दोन शिक्षक अतिरिक्त ठरले असते. त्यांतल्या एकाच्या घराच्या कर्जावर साक्षीदार म्हणून माझीच सही होती. भीती म्हणून तिच्याकडे बघितलं असतं तर पुढचं पाऊल सरळ होतं: खाडीपलीकडच्या दोन वाड्यांत जाऊन पालकांना भेटणं. राग म्हणून बघितलं, त्यामुळे तो क्लार्कवर निघाला. क्लार्कचा पटाशी काय संबंध?

नाव देण्याचा परिणाम मेंदूत दिसतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागाची वाढली. अमिग्डला म्हणजे धोका दिसताच घंटा वाजवणारा भाग. घंटा वाजत असताना हिशेब सुचत नाही. योग्य शब्द सापडला की ती जरा हळू होते आणि माणसाला विचार करायला उसंत मिळते.

नाव दिल्यावर पुढे काय? आपल्याकडे सल्ला एकच मिळतो: राग गिळा. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी या गिळण्यावर बरंच काम केलं आहे. चेहऱ्यावर न दाखवता भावना दाबून धरली तर आतली भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण वाढतो आणि त्या वेळी जे बोलणं चाललंय ते नीट लक्षातही राहत नाही. समोरच्यालाही काहीतरी खटकतं आणि तोही अवघडतो. त्यापेक्षा प्रसंगाकडे बघण्याची जागा आधीच बदलली तर फरक पडतो. दाभोळकडून येणारी एसटी उशिरा आली आणि शिक्षिका परिपाठ संपल्यावर पोचली. 'हिला शाळेची पर्वा नाही' असं मनात आलं की पुढचं बोलणं ठरल्यासारखंच येतं. 'एसटी रोजच उशिरा येते, मग हिचा पहिला तास मी का ठेवलाय?' असं आलं तर वेळापत्रक काढून बसावंसं वाटतं. मी ते वेळापत्रक दोन वर्षं बदललं नव्हतं.

परिपाठातला चेहरा

भावना सर्दीसारख्या पसरतात, हे कुणाही शिपाईमामांना ठाऊक असतं. सिगल बारसाड या अभ्यासिकेने 2002 मध्ये ते प्रयोगाने दाखवलं. छोट्या गटांना एक व्यवहारी निर्णय घ्यायला सांगितला आणि प्रत्येक गटात एक शिकवून ठेवलेला नट बसवला. कुठे तो उत्साही, कुठे चिडका, कुठे मरगळलेला. गटाचा मूड त्याच्या बाजूला सरकला. जिथे तो चांगल्या मूडमध्ये होता तिथे सहकार्य वाढलं आणि भांडणं कमी झाली.

हा नट गटातला एक साधा सभासद होता. मुख्याध्यापकाकडे तर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. परिपाठाला पटांगणात उभं राहिलं की साडेतीनशे मुलं आणि चौदा शिक्षक चेहरा वाचतात. राष्ट्रगीत संपेपर्यंत दिवसाचा अंदाज झालेला असतो. याचा अर्थ खोटं हसू लावून उभं राहायचं असा मी कधीच घेतला नाही. मुलांना खोटं हसू आपल्याआधी कळतं. पण "आज मी जरा काळजीत आहे, तुमच्यामुळे नाही" हे एक वाक्य स्टाफला सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यानंतर चौदा जणांना आपापले अंदाज बांधत बसावं लागत नाही.

गणपती गेल्यावरचा आठवडा

भावनेचा विचारात उपयोग करणं, हे दुसरं काम बऱ्याच जणांना हवेतलं वाटतं. आमच्याकडे ते वेळापत्रकात दिसतं. आमच्या गावांतली कितीतरी मुलं आजी-आजोबांकडे राहतात, आईवडील मुंबईत. गणपतीला चाकरमानी येतात, घर दहा-बारा दिवस भरलेलं असतं. मग एका रात्री गाड्या सुटतात. दुसऱ्या दिवशी वर्गात बघा. पाचवीतली मुलं बाकावर डोकं टेकून असतात. आठवीतली मारामाऱ्या करतात. एखादी मुलगी पोट दुखतंय म्हणून दोनदा घरी जाते. पोट खरंच दुखत असतं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं घटक चाचणी त्याच आठवड्यात यायची. गुण कमी पडायचे आणि आम्ही म्हणायचो, सुट्टीत अभ्यास केला नाही. ज्या वर्षी चाचणी दहा दिवस पुढे ढकलली आणि तो आठवडा चित्रकला, खेळ, गोष्टी आणि 'मुंबईला पत्र' अशा कामांना दिला, त्या वर्षी काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पण पोटदुखी कमी झाली, आणि निकाल बघून आम्ही मुलांना आळशी म्हणायचं थांबलो. आपल्या गावाला दुःख कुठल्या तारखांना होतं, हे ठाऊक असणं हा नियोजनाचा भाग आहे. पुस्तकी नियोजनात तो कुणी शिकवत नाही.

शिक्षकांच्या बाबतीतही असंच. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत मराठवाड्यातून आलेले एक तरुण गुरुजी होते. कोकणात असे बरेच असतात. घर चारशे-पाचशे किलोमीटर लांब, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दर वर्षी. हे गुरुजी श्रावण संपत आला की गप्प होतात, हे तिथल्या मुख्याध्यापकांनी हेरलं. विचारलं तर कळलं, पोळा. आमच्या किनाऱ्यावर पोळा नसतो. गुरुजींच्या घरी तो दिवाळीपेक्षा मोठा. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, मग आमच्या पोरांना दाखवा की, तुमचा पोळा कसा असतो ते." खाडीच्या चिकणमातीचे बैल केले मुलांनी, ओळीत उभे करून झुली घातल्या, गुरुजींनी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून दाखवल्या. ज्यांच्या घरात होडी आहे, नांगर नाही, अशा मुलांनी त्या दिवशी बैलाच्या पाठीवरच्या उंचवट्याला वशिंड म्हणतात हे शिकून घेतलं. पुढच्या वर्षीही गुरुजींनी बदलीचा अर्ज केला. करायलाच हवा होता, म्हातारे आईवडील होते. पण बदली होईपर्यंतची तीन वर्षं ते मनानेही त्या वर्गात होते.

'होईल सगळं ठीक' म्हणू नये

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली, मंडणगड तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. कित्येक शाळांची छपरं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हा वरून विचारणा येत होती शाळेच्या नुकसानीची, आणि ती येणारच. पंचनामा झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मी तेव्हा निवृत्त झाले होते. ओळखीच्या दोन मुख्याध्यापकांचे फोन आमच्या गावातल्या शिक्षकांना आले. एकाचा पहिला प्रश्न, "फोटो काढलेत का?" दुसऱ्याचा पहिला प्रश्न, "घर कसं आहे?" आणि मग फोटो. दोघांनाही फोटो मिळाले. पण पुढे महिनाभर दुसऱ्याच्या शाळेत शिक्षक स्वतःहून वाड्यांत जात होते.

हा दुसरा मुख्याध्यापक एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या बागेत गेला होता, मी बरोबर होते. पोफळीचे बुंधे काड्या विस्कटाव्यात तसे पडलेले. आजोबा एका बुंध्यावर बसून होते. माझ्या तोंडावर आलं होतं, "होईल हळूहळू सगळं." ते सर काही बोलले नाहीत. शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ही लावली कुणी होती?" आजोबा म्हणाले, "बापाशीनी." आणि मग ते बोलत सुटले: कुठली झाडं कधी लावली, पाणी कुठून आणलं. माड लावला तर धरायला सहा-सात वर्षं जातात आणि या माणसाचं वय पंच्याहत्तर. 'होईल सगळं ठीक' हे वाक्य त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. सहानुभूतीत आणि समानुभूतीत हा फरक आहे. पहिलीत आपल्याला अवघड वाटतं म्हणून आपण समोरच्याचं दुःख लवकर आवरायला बघतो. दुसरीत आपण त्याचा हिशेब त्याच्या बाजूने मांडून बघतो.

दहावीच्या निकालाच्या दिवशीही हेच लागतं. कोकण विभाग राज्यात वरचा. 2024 चा निकाल 99.01 टक्के, 2025 चा 98.82. त्याचा अभिमान वाटतो, पण त्याची दुसरी बाजू बघा. जिथे शंभरातली नव्याण्णव मुलं पास होतात, तिथे नापास झालेल्या एका मुलाला लपायला जागा उरत नाही. पेढे वाटण्याआधी त्याच्या घरी जायला हवं.

वरच्या खुर्च्या

आता पुन्हा मामांच्या भुशाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर अर्थ लागला: तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून चुका कागदावर येत होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. यातूनच 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना पुढे आली. 1999 च्या लेखात त्यांनी ती नीट मांडली.

हे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी यांनाही तंतोतंत लागू आहे. रात्री साडेनऊला केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी पडते, 'खालील शाळांची माहिती अद्याप अप्राप्त', शाळांची नावं लाल अक्षरांत, खाली 'अन्यथा वेतन स्थगित करण्यात येईल'. अधिकाऱ्यालाही वरून तसंच आलेलं असतं, हे मला मान्य आहे. पण पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. सकाळी सात वाजता सगळ्यांची माहिती पोचलेली असते. त्यातली काही खरी असते. वाचन येणाऱ्या मुलांची संख्या रातोरात वाढलेली असते. चारचौघांत नाव येण्याच्या भीतीने माणूस माहिती देतो, पण ती स्वतःला वाचवणारी माहिती असते, खरी नसते. मग त्या आकड्यांवर पुढचं नियोजन होतं आणि ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही ते कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

एक विस्तार अधिकारी मला असे भेटले की शेरेबुकात लिहिण्याआधी ते वर्गशिक्षिकेला एकटीला विचारायचे, "बाई, तुम्हाला कुठल्या मुलाची सगळ्यांत जास्त काळजी वाटते?" उत्तर आलं की त्या मुलाशेजारी जाऊन बसायचे. त्यांच्याकडे आमच्या शाळांची खरी अवस्था असायची. कुठल्या शाळेचा निकाल फसवा आहे, हेही त्यांना शिक्षकच सांगायचे.

अधिकारी नियमाप्रमाणे वागला तरी माणसाकडे न बघितल्याने काय होऊ शकतं, याचा दाखला आमच्याच तालुक्यातला आहे. 1875 मध्ये मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी शंभरावर मैल चालत, पावसातून, घाट चढून साताऱ्याला गेला. वयाची अट सतराची. मुलगा किरकोळ अंगाचा, अधिकाऱ्याला तो सतराचा वाटेना, परीक्षेला बसू दिलं नाही. तो परत चालत आला. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी महिलांसाठी विद्यापीठ काढलं आणि 1958 मध्ये भारतरत्न झाले, म्हणून आपल्याला ही गोष्ट ठाऊक आहे. "इतक्या लांबून आलास कसा?" हा प्रश्न विचारायला कुठला नियम आडवा येत नव्हता. मला त्या मुलांचा विचार छळतो, जी अशीच परत गेली आणि पुन्हा आलीच नाहीत.

जिथे हे पुरत नाही

भावनिक बुद्धिमत्तेने छप्पर दुरुस्त होत नाही. वासा बदलायला पैसे लागतात, आणि ते मिळायला आमच्या संस्थेच्या मुंबई मंडळाची मे महिन्यातली सभा लागते. रिक्त पदं भरायच्या ऐवजी 'सकारात्मक राहा' असं सांगणारं प्रशिक्षण देणं, हा मला अन्याय वाटतो. त्याची चीड यावी.

दुसरी गोष्ट थकव्याची. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली: पगारासाठी जसं शरीर राबतं तसं मनही राबतं, ठरावीक भावना दाखवावी लागते. आपल्याकडे किती शाळांत प्रभारी मुख्याध्यापक आहेत! स्वतःचे वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, पोर्टल, आणि वर सगळ्यांचं रडगाणं ऐकायचं. त्यांचं कोण ऐकतं? बायकांच्या बाबतीत तर आवाज चढला की 'बाई तापट', सरांचा चढला की 'सर कडक'. महिन्यातून एकदा चार मुख्याध्यापकांनी कुणाच्या तरी ओटीवर चहाला बसावं आणि अजेंडा नसावा. आम्ही पाच वर्षं बसलो. त्या ओटीवर जितकं शिकले तितकं एकाही कार्यशाळेत शिकले नाही.

आणि ज्यांना माणसं वाचता येतात त्या सगळ्यांचं मन चांगलं असतं असंही नाही. दुखरी नस सापडली की ती दाबणारेही असतात. शिवाय ही क्षमता मोजायला 'मी इतरांना समजून घेतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही' अशा प्रश्नावल्या भरून घेतात. स्वतःबद्दल माणूस जे लिहितो त्याचा आणि प्रत्यक्ष क्षमतेचा मेळ फार थोडा बसतो, असं संशोधनातही दिसलं आहे. त्या जुलैत मला प्रश्नावली दिली असती तर मी 'नेहमी' वर खूण केली असती.

शनिवारची पंधरा मिनिटं

त्या पावसाळ्यानंतर मी एक सोपी गोष्ट सुरू केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंधरा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं, मामा आणि क्लार्क धरून. प्रश्न एकच: "या आठवड्यातली अशी कुठली गोष्ट आहे, जी मला ऐकायला आवडणार नाही?" माझं काम फक्त लिहून घेणं. उत्तर, खुलासा सोमवारी. हा सोमवारचा नियम मी इतरांसाठी केला नव्हता, स्वतःच्या जिभेसाठी केला होता.

पहिले तीन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. सगळे घड्याळाकडे बघत होते. चौथ्या शनिवारी, जिला मी स्टाफरूममध्ये बोलले होते ती शिक्षिका उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही परिपाठ सुरू असताना मुलांच्या देखत आमची हजेरी घेता. मुलं नंतर वर्गात आमची नक्कल करतात."

माझे कान तापले. खुलासा जिभेवर तयार होता, आणि तो खराही होता. मी वहीत तारीख घातली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. लिहिताना अक्षर वाकडं आलं, ते अजून त्या वहीत आहे. "लिहिलं," म्हटलं, "आणखी कुणी?"

मामा दाराशी उभे होते. म्हणाले, "बाई, मुलींच्या बाथरूमची कडी महिनाभर तुटलेली आहे."